घासते, नाही घासत : गिअरच्या सायकलवर नागपूर ते रामटेक

बंगई उतरवली, तेव्हाच खरं तर हा प्रवास सुरू झाला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, बंगई म्हणजे आमच्या नागपूरकडचा घरातला झोपाळा. प्रतापनगरातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीच्या छताला लोखंडी आकडे आहेत, आकड्यांना साखळ्या आणि साखळ्यांवर सागाची फळी. ती फळी मी काढून भिंतीला टेकवली आणि साखळ्यांत सायकल टांगली, एक साखळी सीटखालून आणि एक हँडलखालून. दोन्ही चाकं अधांतरी. पायडल हाताने फिरवायचं, गिअर बदलायचा आणि कान लावून बसायचं. गिअरची सायकल घरी नीट करायची याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.

"अन् बसाचं कुठी आता?" माझी बायको इंदू दारातून म्हणाली. तिच्या हातात चहाचे दोन कप होते.

"खुर्चीवर बस वं चार दिवस."

"चार दिवसांत होते का तुमचं?"

नाही झालं. तेल, पेचकस आणि मी, आठवडाभर त्या सायकलखाली होतो.

ही सायकल कशी आली ते सांगितलं पाहिजे, कारण अशी सायकल नागपुरात सहसा दिसत नाही. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये सेटर आहे. पत्रा कापणाऱ्या, दाबणाऱ्या मोठमोठ्या मशिनी असतात, त्यांचे साचे बसवणं माझं काम. नवीन प्रेस उभारायला परदेशातून एक इंजिनिअर आला होता. तो रोज सायकलवर यायचा. जाताना सायकल सोबत न्यायची कटकट नको म्हणून त्याने ती मला स्वस्तात दिली. पुढे दोन दातेरी चाकं, मागे पाच. शहरातल्या सायकलवाल्यांकडे नेली, तर एकाने नुसतं बघून हात जोडले. "हे आपलं काम नाही, काका." मला बरंच वाटलं. मी शाळेत फार शिकलो नाही. पण जे आलं ते उघडून, पुन्हा जोडून आलं, आणि जे तसं येतं ते जात नाही असा माझा अनुभव आहे.

आता घासण्याची भानगड. पुढच्या दोन चाकांपैकी चेन एकावरून दुसऱ्यावर ढकलण्यासाठी एक छोटा पिंजरा असतो. म्हणजे दोन पत्र्याच्या पट्ट्या, त्यांच्या मधून चेन जाते. दांड्यावरची खटकी ओढली की तार पिंजरा सरकवते. पिंजरा जागेवर नसेल तर चेन पट्टीला घासते, किर्र किर्र आवाज येतो, आणि चालवणाऱ्याचं डोकं उठतं. पिंजऱ्यावर दोन छोटे पेच असतात. एक आतली हद्द ठरवतो, एक बाहेरची. पेच पाव वळसा फिरवायचा, पायडल फिरवायचं, ऐकायचं. पुन्हा पाव वळसा. हे काम घाईच्या माणसाचं नाही. शेवटी एका संध्याकाळी दहाच्या दहा गिअरांत सायकल अशी गप्प झाली, की मी इंदूला मुद्दाम बोलावलं.

"आईक. काही येते का आवाज?"

तिने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, "कुकर लागला आहे ना! तुम्हाले नाही येत न, मंग झालं."

मला नाही येत, मंग झालं. हे वाक्य लक्षात ठेवा.

रामटेकला इंदूची मोठी मावसबहीण असते, शांताताई. त्यांचा पानमळा आहे. संक्रांतीनंतर जायचं ठरतच होतं, नेहमीसारखं यष्टीने. मी म्हटलं, सायकलने जाऊ. इंदू नंदनवनातल्या एका शाळेत शिकवते आणि प्रतापनगराहून रोज सायकलनेच जाते, म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. तिच्या पायांची मला काळजी नव्हती. तिला माझ्या सायकलची होती.

"चालते," ती म्हणाली. "गडावरही जाऊ. लहानपणी मावशीसोबत वरतून खिंडसीचा तलाव पाहिला होता, मंग जाणंच नाही झालं. पण एक सांगते. मधात कुठी तुमची ही मशीन बसली, तर यष्टीच्या टपावर टाकून घरी. अन् मंग हे विकाची. माही बंगई मले वापस पाहिजे."

"अन् नाही बसली तर?"

"तर ठेवा. मी नाव नाही काढत."

सौदा पक्का झाला.

पहिला दिवस

अंधार फिटायच्या वेळी निघालो. जानेवारीची थंडी, मफलर कानावर. इंदूने स्वेटरवरून पदर खोचला होता. तिच्या साध्या लेडीज सायकलच्या कॅरिअरवर कपड्यांची पिशवी आणि शांताताईंसाठी तिळगुळाचा डबा. माझ्या कॅरिअरवर हत्यारं, पंप, पंक्चरचं सामान आणि पाणी. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, शहरातून लवकर बाहेर पडा. सीताबर्डीला दुकानं उघडली की कामठी रोडला लागेपर्यंतच दम जातो. आम्ही मात्र मोकळ्या रस्त्याने इंदोरा ओलांडून गेलो. कुठे कुठे शेकोटीभोवती रिक्षावाले बसले होते. एकाने माझ्या सायकलकडे पाहून हाक दिली, "काका, इतके चक्के काहून लावले? गहू दळता का?"

कामठीच्या अलीकडे पोहे खाल्ले. वर झणझणीत चण्याची तर्री, बाजूला कांदा, आणि दोन चहा. सगळं मिळून खिशाला कळलंही नाही. तर्री पुन्हा मागितली तर देतात, मागायला लाजू नये.

तिथून निघालो आणि कामठीच्या लष्करी छावणीच्या झाडीत शिरलो. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, सरळ सपाट रस्ता. मी मागचा गिअर बदलला, मोठ्या चाकावरून सायकल लोण्यासारखी चालली होती. तेवढ्यात इंदू जवळ आली.

"आवाज येऊन राहिला."

"कशाचा?"

"किर्र किर्र. चेनीचा."

मी कान दिला. चाकांचा रस्त्यावरचा आवाज होता, तिच्या बांगड्या होत्या, लांबून एक ट्रक येत होता. किर्र काही नव्हतं.

"तुझ्या चेनकव्हरचा असेल," मी म्हटलं.

थांबलो. तिची सायकल झाडाला टेकवून चेनकव्हर तपासलं. एक स्क्रू ढिला होता. मला फार आनंद झाला. तो घट्ट केला, चेनीला चार थेंब तेल दिलं, मडगार्ड हाताने हलवून पाहिलं आणि म्हटलं, "चल आता."

कन्हानचा जुना दगडी पूल अरुंद आहे. समोरून ट्रक आला की सायकलवाल्याने कठड्याला चिकटून थांबावं, मर्दुमकी दाखवू नये. आम्ही थांबलो. खाली नदीचं पात्र वाळूने भरलेलं होतं. पाणी एका कडेने वाहत होतं आणि धोब्यांनी वाळूवर चादरी पसरल्या होत्या. पूल ओलांडून चढ लागला, तशी इंदू पुन्हा म्हणाली, "आता जास्त येऊन राहिला."

"तुझं कॅरिअर असेल. डबा हलत असेल."

"डबा किर्र नाही करत जी."

तरी थांबलो. डबा काढून रुमालात गुंडाळला. पिशवी उलटी बांधली. कॅरिअरच्या नटांना पाना लावला. तिथे टपरीवर चहा पिणारा एक ट्रकवाला हे सगळं शांतपणे पाहत होता. तो इंदूला म्हणाला, "बाई, तुमची सायकल चांगली आहे न. यांच्या सायकलीतून आवाज येते."

"मी तेच सांगून राहिली कामठीपासून," इंदू म्हणाली.

मी त्या ट्रकवाल्याकडे पाहिलं. ज्याच्या ट्रकचा सायलेन्सर फुटलेला, त्याने मला आवाज शिकवावेत! मी वीस वर्षं मशिनीचे आवाज ऐकतो आहे. साचा केसभर तिरपा बसला तर प्रेसच्या दणक्यावरून सांगतो. आमचे फोरमन मला लांबून बोलावतात, फक्त ऐकायला. सायकलवर बसलो आणि पुढे निघालो. इंदू मागे पडली, तर बरं वाटलं.

टेकाडीपर्यंत कोळशाचे ट्रक जातात, तेवढा टप्पा नाकाला रुमाल लावून काढावा. पुढे रस्ता मोकळा होतो. तूर कापणीला आलेली, कापूस वेचायला बाया रांगेने वाकलेल्या. मनसरजवळ मँगनीजच्या खाणीचे काळपट ढिगारे दिसतात आणि त्यांच्या पलीकडे, उजव्या हाताला, टेकडीवर गडाची पांढरी देवळं. मनसरला उजवीकडे वळायचं. इंदू तिथे थांबली, सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीवर टेकवून. "पाहा," ती म्हणाली. "जवळच दिसते न?" तिने आवाजाचं नाव काढलं नाही. तिने नाव काढणं बंद केलं, हे मला तक्रारीपेक्षा जास्त टोचलं.

शांताताईंचं घर गावाच्या कडेला आहे, पुढे अंगण, मागे मळा. त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडभाऊ दामोदरराव, ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. आम्ही अंगणात शिरलो, तर ते मान वर न करताच ओरडले, "शांते, पाहा वं, कोणाचा रहाट आला!"

मग वर पाहिलं. "अरे, तू होय, वसंता? मले वाटलं कोणी विहिरीवरचा रहाट गाडीवर टाकून आणला."

सगळे हसले. मीही हसलो.

जेवायला गोळाभात होता, बेसनाचे गोळे, वर फोडणीचं तेल, आणि पाटोडीचा रस्सा. असं जेवण असलं की माणसाने वाद घालू नये. मी जेवलो, थोडा आडवा झालो आणि ऊन कलायला लागल्यावर अंगणात सायकल पुसायला बसलो. प्रवासात रोज चेन पुसावी हा माझा नियम आहे. धुळीत तेल मिसळलं की ते कानस होतं.

पिंजऱ्यात फडकं घातलं आणि हात थांबला.

आतल्या पट्टीवर एक चकचकीत रेघ होती. निकेल गेलं होतं, खाली लोखंड उघडं पडलं होतं, आणि त्या लोखंडातही बारीक खाच. मी नखाने पाहिली. नख अडकलं. पत्र्याची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं. घासलेला पत्रा मला सांगावा लागत नाही. ही रेघ तासाभराची नव्हती, अख्ख्या सकाळची होती. कामठीपासूनची.

"भाऊजी," मी दामोदररावांना म्हटलं, "जरा सीट धरून मागचं चाक उचला न."

त्यांनी उचललं. मी पायडल फिरवलं.

"आली रहाटाची गाडी," ते म्हणाले.

"आता येते आवाज?"

"आता म्हणजे? येऊनच राहिला न, गा."

इंदू दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, हो.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. चाकाचा सळसळाट होता, गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा होती, शांताताई आत भांडी घासत होत्या. किर्र नव्हतं. मी पिंजऱ्याच्या पट्टीला बोट लावलं. पट्टी थरथरत होती. मधमाशी मुठीत धरल्यासारखी. बोट काढलं, शांत. बोट लावलं, थरथर. दोघं जण ऐकत होते ते मला फक्त बोटात कळत होतं.

मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला. गेल्या वर्षी मी हेच घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं, आवाज मंद झाला म्हणून. घड्याळवाल्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, साहेब, टकाटक आहे. मी त्याला म्हटलं होतं, तुझे कान तपासून घे.

मी घड्याळ इंदूपुढे धरलं. तिने कानाला लावलंही नाही, हातातच धरलं.

"चालू आहे," ती म्हणाली.

बंगईच्या साखळीत टांगून मी त्या सायकलचा आवाज बंद केला नव्हता. तो मला येईनासा होईपर्यंत पेच फिरवले होते, एवढंच. दामोदरराव समजदार माणूस. ते म्हणाले, "प्रेसमधे दिवसभर धडाधड चालते न तुमच्या इथं. कान जातेच, गा. माह्या आत्याचा पोरगा खदानीत होता, त्याले चिमण्यांचा आवाज गेला म्हणे. माणसं ऐकू येत." आणि सुपारी कातरायला पुन्हा बसले.

दुसरा दिवस

सकाळी दामोदररावांनी मळा दाखवला. पानमळ्यात चपला बाहेर काढून जायचं, ही तिथली रीत. कोणी पाहुणा असो की धनी. आत हिरवा अंधार असतो. वर गवताचं छप्पर, चारी बाजूंनी कूड, आणि वेली माणसाच्या उंचीवर चढलेल्या. पायाखाली ओलसर थंड माती. ते प्रत्येक वेलाला हात लावत चालले होते. पान न तोडता नुसतं बोटांत धरून सांगत, हे दोन दिवसांत तयार, हे अजून कच्चं. त्या कामाला कान नको होता.

पण माझ्यापुढे प्रश्न सोपा होता. पिंजऱ्याची पट्टी खाचेपाशी पातळ झाली होती. गडाच्या चढावर तीच वापरायची होती. खाच आणखी खोल गेली, पट्टी तुटली, तर चेन अडकणार आणि सायकल बसणार. मग यष्टीचा टप आणि मग गिऱ्हाईक शोधणं. शहाणा माणूस सायकल अंगणात ठेवून पायऱ्यांनी गड चढला असता. मी तसं इंदूला बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "काहून? नीट नाही होत का?"

"होते. पण ऐकणार कोण?"

"मी काय मेली का? चाळीस पोरांच्या गोंगाटात मागच्या बाकावर कोण कुजबुजून राहिलं, ते सांगते मी. चला, टांगा."

बंगई तिथे नव्हती. आंब्याच्या फांदीला दोर बांधून सायकल टांगली. यावेळी मी पद्धत बदलली, आणि ती इथे देतो, कारण हे करणाऱ्याला उपयोगी पडेल. आधी चेन पुढच्या लहान चाकावर आणि मागच्या सर्वांत मोठ्या चाकावर घ्या. आतली पट्टी आणि चेन यांच्यामध्ये पोस्टकार्डाची जाडी मावली पाहिजे, तेवढा आतला पेच फिरवा. मग उलट करा, पुढचं मोठं, मागचं सर्वांत लहान, आणि बाहेरच्या पट्टीसाठी तेच. डोळ्याने आधी, कानाने नंतर. पुढे लहान आणि मागेही लहान असा गिअर लावूच नका. तिथे चेन इतकी तिरपी होते की कोणाच्या बापाला घासणं थांबवता येत नाही.

इंदू पाटावर बसली. शांताताईंनी तिच्यापुढे तुरीच्या शेंगांची टोपली ठेवली. तिचे हात सोलत होते आणि नजर टोपलीत होती.

"घासते," ती म्हणाली.

पाव वळसा.

"घासते."

पाव वळसा.

"थोडं थोडं. थांबून थांबून घासते."

म्हणजे पुढचं दातेरी चाक किंचित वाकडं होतं, एका जागी लागत होतं. इतकं नेमकं तर मीही सांगितलं नसतं. आणखी थोडा पेच.

"नाही घासत."

मी पट्टीला बोट लावलं. शांत.

"आता बसून पाहा," ती म्हणाली. "बसल्यावर वेगळं होईन. माही शिवणाची मशीन बी कपडा नसला की गप चालते."

हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. अधांतरी टांगलेल्या सायकलवर वजन नसतं. माणूस बसला, जोर लावला की सगळा सांगाडा थोडा दबतो, चाक थोडं झुकतं. मी बसलो, अंगणात गोल गोल फिरलो, ती मधे उभी राहून सांगत राहिली. दामोदरराव ओट्यावरून म्हणाले, "सर्कस आली रामटेकले." आणखी अर्धा वळसा लागला.

दुपार टळल्यावर निघालो. गडावर जायला मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे. सुरुवातीला सोपा वाटतो, मग एक वळण येतं आणि तिथून तो चढतच जातो. साध्या सायकलवाल्यांनी हाती धरून न्यावी, लाज वाटून घेऊ नये. इंदूने तिची सायकल खाली चहाच्या टपरीशी ठेवली आणि माझ्यासोबत पायी निघाली. गंमत अशी की हलक्या गिअरांत मी इतका हळू जात होतो, की ती आरामात बाजूने चालत होती. बोलत होती. मला बोलायला दम नव्हता.

या सायकलच्या खटकीला ठरावीक खाचा नाहीत. जिथे सोडाल तिथे थांबते. म्हणून मागचा गिअर बदलला की पुढचा पिंजराही केसभर सरकवावा लागतो, नाहीतर घासतो. तो केसभर कानानेच कळतो. मी मागचा गिअर बदलत होतो आणि इंदू सांगत होती.

"घासते."

खटकी थोडी पुढे.

"अजून."

थोडी.

"हं. नाही घासत."

माकडं कठड्यावर बसून पाहत होती. उतरणारी एक जीप आमच्याजवळ मंद झाली. आतल्या बाईने विचारलं, "काय झालं हो?" इंदू म्हणाली, "काही नाही झालं. वरतं चाललो."

शेवटच्या दोन वळणांच्या आधी तिला धाप लागली. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, "थांबले तर मंग चढण नाही होत तुमच्यानं." खरं होतं. चढावर थांबून पुन्हा सुरू करणं महाकठीण. मी गेलो. वळणावर चढ आणखी तीव्र झाला, गिअर बदलला, खटकी अंदाजाने सरकवली. आणि पुढे गेलो.

सगळं शांत होतं. वारा, माझा श्वास, टायरखालची बारीक खडी. अगदी शांत. आणि मला माहीत नव्हतं, की सायकल खरंच गप्प आहे की त्या खाचेतून पट्टी कापत चालली आहे. वाकून बोट लावता येत नव्हतं, तोल गेला असता. शिखर दिसत होतं. देवळाची भिंत, तिच्यावर ऊन. दोन मिनिटांत पोहोचलो असतो.

मी पाय टेकवला.

इंदू वळणाआडून आली, पदराने तोंड पुसत. मला उभा पाहून तिचा चेहरा पडला. सायकलकडे पाहिलं, चेनीकडे पाहिलं. "बसली का?"

"नाही."

"मंग काहून थांबले?"

"ऐकायला," मी म्हटलं.

ती सायकलच्या उजव्या बाजूला, चेनीच्या बाजूला येऊन उभी राहिली. मग तिने मागून सीटला हात लावला, जरा जोर दिला, कारण चढावर सुरू करायला तेवढा लागतोच. मी पायडल मारलं.

"घासते," ती म्हणाली. "हं, अजून. नाही घासत. चला आता, मी आहे."

वरून खिंडसी दिसली. एवढं पाणी, आणि मधे एक नाव, मुंगीएवढी. इंदू बराच वेळ भिंतीला रेलून उभी होती. मावशीसोबत आली तेव्हा ती भिंतीवरून पाहण्याएवढी उंच नव्हती, मावशीने उचललं होतं, असं तिने सांगितलं. मी तिच्या बाजूला उभा राहून पिंजऱ्याची पट्टी पाहत होतो. खाच होती तेवढीच होती. धागाभरही खोल गेली नव्हती.

"पाहा न तिकडे," ती म्हणाली. "पट्टी कुठी जात नाही."

परतीचा दिवस, आणि घर

परतताना वारा पाठीशी होता. मनसरला संत्री घेतली, तिथली गोड निघाली, शहरापेक्षा स्वस्तही. कन्हानच्या टपरीवर तो ट्रकवाला नव्हता, नाहीतर त्याला चहा पाजला असता. इंदू पूर्ण रस्ता माझ्या उजवीकडे, थोडी मागे चालवत आली. मधून मधून "घासते" म्हणायची, मी खटकी हलवायचो, मग आमचं बोलणं पुढे चालू व्हायचं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, साध्या सायकलनेही हा प्रवास होतो. एक मुक्काम पुरे, दोन असले तर बरं. गड सकाळी किंवा कलत्या उन्हात करावा. सोबत कोणीतरी असावं.

नागपुरात आल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, बारीक आवाज गेले, ते येणार नाहीत, उरलेले सांभाळा. आता प्रेस शॉपमध्ये कानात कापूस घालतो. साचे आधी हाताने पाहतो, मग कानाने. फोरमनना सांगून टाकलं. ते म्हणाले, तुमचा हातही चालेल.

पट्टी कारखान्यात तशीच नवी कापून बसवली. सायकल विकली नाही. इंदूने शब्दाप्रमाणे नाव काढलं नाही. महिन्यातून एका रविवारी फळी उतरते, सायकल साखळ्यांत चढते, ती मेथी किंवा तांदूळ निवडत बाजूला बसते आणि निकाल देते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फळी पुन्हा चढवली. इंदू बसली, पायाने झोका दिला. मी खाली हत्यारं आवरत होतो. सहज विचारलं, "आणखी कशाचा आवाज येते वं घरात, जो मला येत नाही?"

तिने पायाने झोका थांबवला.

"मोरीचा नळ टपकते. अन् ही बंगई. उजव्या आकड्यात कुईकुई करते."

"केव्हापासून?"

"झाले असतीन दोनेक वर्षं."

"दोन वर्षं! मग सांगितलं काहून नाही?"

"मले वाटे, तुम्हाले चालते," ती म्हणाली.

मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि उजव्या आकड्यात चार थेंब तेल सोडलं. तिने पुन्हा झोका दिला. मी वरच उभा होतो, कुपी हातात धरून, तिच्या तोंडाकडे पाहत.